पल्व्हरायझर उघडण्यापूर्वी

(सांगलीत हळद दळणाऱ्या कारखानदार व फिटर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु तिचा रंग आणि वास पोत्यातून पाकिटापर्यंत शाबूत नेणे हे आपल्या पल्व्हरायझरवर (हळकुंडे दळून पूड करणाऱ्या यंत्रावर), म्हणजेच तो सांभाळणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. वाळलेले हळकुंड इतके कठीण असते की दळताना खर्च झालेल्या शक्तीचा फार मोठा भाग उष्णतेतच जातो, आणि ती उष्णता बाहेर नेण्याचे काम ब्लोअरने खेचलेली हवा करते. म्हणून पूड गरम येऊ लागली की मोटारीकडे धावण्याआधी हवेची वाट तपासावी. धूळ धरणाऱ्या पिशव्या बुजल्या असतील, जाळीची छिद्रे भरली असतील किंवा ब्लोअरचा पट्टा सैल झाला असेल, तर दळलेली पूड आतच अडकून पुन्हा पुन्हा चिरडली जाते, तिच्यातले सुगंधी तेल उडून जाते आणि मोटारीचे अँपिअरही चढतात. मोडताना खणखणीत आवाज न देणारा ओलसर माल घातल्यासही हीच लक्षणे दिसतात. तेव्हा दोष यंत्रात नसून मालात असतो.

मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ते कंपनाविषयी. रोटरच्या, म्हणजे यंत्रातल्या फिरणाऱ्या भागाच्या, एका बाजूचा माल फोडणारा हातोडा झिजला किंवा तुटला, म्हणून तेवढा एकच नवा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मला अत्यंत घातक वाटते. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या रोटरवर, केंद्रापासून २५ सेंटीमीटरवर, अवघा २० ग्रॅमचा फरक पडला तरी बेअरिंगवर सुमारे ५० किलो वजनाइतका ओढा बसतो आणि तो प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहतो. वेग दुप्पट झाला तर हा ओढा चौपट होतो. त्यामुळे हातोडे शक्यतो संपूर्ण संचानेच बदलावेत, प्रत्येकाचे वजन काट्यावर करावे आणि समोरासमोरच्या ओळींची बेरीज सारखी जुळवावी. एकच बदलणे भाग पडले, तर त्याच्या बरोबर समोरचाही तेवढ्याच वजनाचा बदलावा. हातोड्याच्या पिना आणि भोके झिजली असतील, तर नव्या हातोड्यांनी काहीच साधत नाही.

बेअरिंग तापले की आणखी ग्रीस भरण्याची सवयही सोडावी लागेल. बेअरिंगच्या घरातली (हाउसिंगमधली) मोकळी जागा एकतृतीयांश ते निम्मी भरली की पुरे, त्याहून अधिक ग्रीस घुसळले जाऊन स्वतःच उष्णता निर्माण करते. व्ही-पट्टे प्रमाणाबाहेर ताणले तरी भार बेअरिंगवरच येतो, आणि जुन्या पट्ट्यांत एक नवा मिसळला तर बहुतेक भार त्या एकट्यालाच ओढावा लागतो. पुरात बुडालेली मोटार मात्र पूर्ण वाळवून, मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) तारांचे इन्सुलेशन तपासल्याशिवाय कधीही चालू करू नये. गाळ शिरलेली बेअरिंगे धुऊन वापरण्याचा मोह टाळावा.

हे सर्व वेळेत कळावे यासाठी रिकामे चालताना आणि भरल्यावर येणारे अँपिअर व दोन्ही बेअरिंगांचे तापमान रोज वहीत लिहावे. आकडा हळूहळू चढतो आहे हे कागदावर दिसते. कानाला ते फार उशिरा जाणवते.

आणि झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा व रोटर पूर्ण थांबल्याची खात्री करावी, कारण वीज तोडल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. हवेत पसरलेली हळदीची धूळ ठिणगीने पेट घेऊन स्फोट घडवू शकते, म्हणून हॉपरवरचे (माल घालण्याच्या तोंडावरचे) चुंबक दर पाळीला पुसावे, म्हणजे आत शिरू पाहणारा खिळा तिथेच थांबेल, आणि तुळया व पत्रे झाडून स्वच्छ झाल्याशिवाय शेडमध्ये वेल्डिंगला परवानगी देऊ नये.