सातवा रकाना

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो 'बंद पडणाऱ्या प्राणी-आश्रमांतल्या जनावरांचं पुनर्वसन'. त्यावर मी बोलणारच आहे. पण गेली कित्येक वर्षं एक रकाना माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. एवढ्या उन्हातून तुम्ही आला आहात, तर तो आधी तुमच्यापुढे मांडतो.

गोशाळेत, पांजरपोळात जनावर आलं की रजिस्टरात नोंद होते. तारीख, जात, वय, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कुणाकडून आलं, आजार काय. झाले सहा रकाने. मला सातवा हवाय: 'इथलं दार बंद झालं, तर हे जनावर कुठं जाईल?' आणि तो जनावर दारातून आत घेतानाच भरायचा, पाच वर्षांनी नव्हे.

हे सांगितलं की विश्वस्त मंडळींचे चेहरे पडतात. एका ठिकाणी एक आजोबा मला म्हणाले, "डॉक्टर, बारशाच्या दिवशी तेराव्याचं बोलू नये." मी त्यांना विचारलं, "आजोबा, मुलगी देताना तुम्ही सासरचं घर बघून आला होतात ना?" ते हसले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "घर बघितलं, विहीरसुद्धा बघितली." बस, मला तेवढंच हवंय. विहीर बघा.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे कळत होतं. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. पण त्यांनी नुसतं आवार उभारलं नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून लाग, म्हणजे धर्मादाय पट्टी, बसवून घेतला; कापूस विकला गेला की गाईची वैरण निघाली. उत्पन्न आधी बांधलं, जनावरं मागाहून बांधली. म्हणून ती संस्था आजही उभी आहे. याच्या उलट जयपूरजवळची हिंगोनिया गोशाळा बघा. जनावरं हजारांनी होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पगारासाठी मजूर संपावर गेले, वरून पाऊस, आवारात गुडघाभर चिखल. शेकडो गाई त्या चिखलात दगावल्या. आश्रम मोडायला भूकंप लागत नाही, मंडळी. चार दिवस शेण उचललं गेलं नाही तरी पुरतं.

आता माझा अनुभव सांगतो. तो थोडा लांबेल, पण पुनर्वसन म्हणजे काय ते मला तिथं कळलं.

सोलापूर-सांगलीच्या सीमेवरच्या एका माळरानावर एक गोशाळा होती. नाव घेत नाही, कारण ज्यांनी ती चालवली त्यांनी जीव ओतला होता. मुख्य देणगीदार वारले, कडब्याची उधारी थकली, पेंडवाल्यानं गाडी बंद केली. चारशेच्या आसपास जनावरं. निरोप आला तेव्हा मी तिथं पोचलो, तर फाटकाबाहेर टेम्पो लागलेले. आसपासच्या गावांतले लोक आलेले, मनानं चांगले. "डॉक्टर, आम्ही पाच नेतो, आम्ही दहा नेतो." मी फाटकाला कुलूप लावायला सांगितलं आणि रजिस्टर मागवलं. लोक चिडले. जनावरं उपाशी आहेत आणि हा माणूस वही मागतोय! पण ते टेम्पो त्या दिवशी भरले असते, तर कुठलं जनावर कुठं गेलं हे आयुष्यभर कळलं नसतं. त्यातली निम्मी तर पोलिसांनी पकडून आणलेली होती. कोर्टाच्या कागदावर ती 'मुद्देमाल' असतात. कोर्टाच्या परवानगीशिवाय ती हलवताही येत नाहीत.

तर त्या दिवशी फक्त वैरण उतरवली आणि मोजायला बसलो. तीन दिवस लागले. रक्ताचे नमुने घेतले. आणि त्या मोजणीत मला भेटली एक खिल्लार गाय, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. ती गोठ्यात बिनचूक फिरायची, कारण तिच्या शेजारच्या तांबड्या गाईच्या गळ्यात मेंढपाळाकडची जुनी पितळी घंटा होती. तांबडी पाण्याला निघाली की घंटा वाजायची, ही मागून निघायची. तांबडी गव्हाणीत तोंड घालायची, की ही घालायची. तिथल्या गड्याला हे ठाऊक होतं. वहीत कुठंही नव्हतं.

आणि तांबडीच्या रक्तात ब्रुसेला निघाला. संसर्गजन्य गर्भपाताचा रोग, माणसालाही लागतो. तिला वेगळं ठेवणं भागच होतं. मी ताटातूट केली. आंधळी निरोगी होती, ती वीस-पंचवीस कोस लांबच्या दुसऱ्या गोशाळेत पाठवली. चौथ्या दिवशी फोन आला: गाय खात नाही, एका जागी उभी आहे, पाण्याची बादली समोर ठेवली तरी तोंड लावत नाही. मी गेलो. ताप नाही, पोट ठीक, रवंथ बंद. सलाईन लावलं. रात्रभर तिच्याजवळ बसलो आणि पहाटे माझ्या लक्षात आलं की या गाईला पाणी कुठं आहे ते कुणी सांगितलेलंच नाही. सकाळी माणूस पाठवून ती घंटा मागवली, चांगली उकळून घेतली. दुसऱ्या गाईच्या गळ्यात बांधली, पण ती गाय अनोळखी, वास वेगळा, ही तिच्यामागे जाईना. मग घंटा गव्हाणीलाच टांगली. वैरण टाकताना वाजवायची, हौदापाशी नेताना वाजवायची. दुसऱ्या दिवशी तिनं आवाजाकडे मान वळवली. तिसऱ्या दिवशी दोन घास खाल्ले. ती पुढं सहा वर्षं जगली.

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, आता वेगानं जातो.)

हत्ती असो, वाघ असो, गोष्ट हीच आहे. इस्लामाबादच्या मरगझार प्राणिसंग्रहालयाचं उदाहरण घ्या. श्रीलंकेनं भेट दिलेला कावन हत्ती तिथं एक वर्षाचा असताना आला. त्याची जोडीदारीण सहेली २०१२ साली गेली. त्यानंतर तो आठ वर्षं एकटा. मे २०२० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सगळे प्राणी चांगल्या ठिकाणी हलवण्याचा हुकूम दिला. हुकूम उत्तम. पण ताबा घेताना आदल्या वर्षीच्या यादीतले पाचशेच्या वर प्राणी सापडलेच नाहीत, अशा बातम्या आल्या. आणि जुलैत सिंहाची जोडी हलवताना ती पिंजऱ्यात जाईना, म्हणून लोकांनी आत जाळ केला. धुरानं दोन्ही सिंह गेले. सुटकेच्या वाटेवर गेले!

त्याच आवारात त्याच वर्षी कावनचं काय झालं? 'फोर पॉज' या प्राणीसंस्थेचे पशुवैद्य डॉ. आमिर खलील आणि त्यांचे सहकारी जवळजवळ तीन महिने त्याच्याजवळ राहिले. उसावर वाढलेलं त्याचं वजन साडेचारशे किलोनं उतरवलं. त्याला रोज प्रवासाच्या पेटाऱ्याची सवय केली, खाणं-पाणी तिथंच दिलं. खलील त्याला गाणी म्हणून दाखवायचे. अखेर २०२० च्या नोव्हेंबरअखेरीस तो मालवाहू विमानानं कंबोडियाला गेला. तिथं दुसऱ्या हत्तीच्या सोंडेला त्यानं सोंड लावली, ती आठ वर्षांनी. गव्हाणीची घंटा आणि खलीलसाहेबांचं गाणं मला एकाच जातीचं वाटतं.

आणि थायलंडमधलं कांचनाबुरीचं वाघांचं मंदिर, म्हणजे वाघ पाळणारा एक बौद्ध मठ. तिथले १४७ वाघ सरकारनं ताब्यात घेतले, त्यातले १३७ मे २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या एकाच मोहिमेत. शीतपेटीत बछड्यांची ४० मृत शरीरं सापडली. जगानं टाळ्या वाजवल्या. वाघ दोन सरकारी केंद्रांत गेले, ८५ एकीकडे, ६२ दुसरीकडे. सप्टेंबर २०१९ पर्यंत त्यांतले ८६ मेले होते. जवळच्या नात्यात पैदास झालेली, घसा लुळा पडून श्वास अडकायचा, त्यात डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाची साथ. एवढ्या वाघांना पुरतील असे पिंजरेही तिथं नव्हते. ताबा कुठून घ्यायचा हे सरकारला माहीत होतं. ठेवायचं कुठं, तो रकाना कोरा होता.

आता कामाचं, भराभर. आश्रम डळमळीत झाला की पहिल्या दिवशी नवी आवक बंद, आणि वळू वेगळे करायचे किंवा खच्ची करायचे. चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई-आफ्रिकी संकर झालेल्या सिंहांच्या नरांची नसबंदी करून उरलेल्यांना तिथंच म्हातारं होऊ दिलं, तो निर्णय बरोबर होता. मग मोजणी, बिल्ले, क्षयाची आणि ब्रुसेलाची तपासणी, लाळ्या-खुरकुताची लस. कोण कुणाशेजारी बांधलेलं असतं ते गड्याला विचारून लिहायचं, कारण गडी उद्या पगाराअभावी निघून जाणार आहे. घेणाऱ्याकडे स्वतः जायचं, उन्हाळ्यात जायचं, विहीर बघायची. त्याची ऐपत पाचाची असेल आणि तो दहा मागत असेल, तर पाचच द्यायची. वाहतुकीच्या नियमांनुसार एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल नकोत, पशुवैद्याचा दाखला सोबत हवा. आणि तीन महिन्यांनी परत जाऊन बघायचं. हे शेवटचं कुणीच करत नाही, मीही आंधळीच्या वेळी फोन आला तेव्हाच गेलो.

घंटा वाजली, थांबतो. दारापाशी टेबलावर रजिस्टरच्या पानांच्या प्रती ठेवल्या आहेत, सात रकान्यांच्या. दुसऱ्या रांगेत दोन गोशाळांचे विश्वस्त बसलेले मला दिसताहेत, त्यांनी आधी घ्याव्यात. उंटांबद्दल ज्यांना विचारायचं होतं त्यांनी चहाच्या वेळी भेटा, तो विषय दोन मिनिटांत होणारा नाही.