मेंदूच्या पोटातल्या वाटा

एका माणसाला वाचता येईनासं झालं. एकाएकी. बोलणं पूर्वीसारखंच, ऐकलेलं सगळं समजतंय. सांगितलेला मजकूर तो नीट लिहूनही काढतो. पण थोड्या वेळानं तोच कागद पुढे धरला, तर स्वतःचं अक्षर त्याला वाचता येत नाही. अक्षरावरून हात फिरवला, की मात्र ते कोणतं हे कळतं!

फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ जूल देजरीन यांनी ही हकीकत १८९२ साली मांडली. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या गोलार्धाच्या मागच्या, दृष्टीच्या भागात जुनी इजा दिसली. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्याचं, कॉर्पस कॅलोसमचं, मागचं टोकही निकामी झालं होतं. म्हणजे अक्षरं दिसत होती उजव्या गोलार्धाला, भाषा होती डावीकडे, आणि मधला पूल पडला होता.

सुमारे २० कोटी तंतूंचा हा पूल श्वेतद्रव्याचा बनलेला आहे. मेंदू म्हटलं की आपल्याला आठवतो तो वरचा वळ्यावळ्यांचा करडा थर. त्याची जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर. त्याच्या आत पांढरा गर दिसतो, ते चेतापेशींचे लांबच लांब तंतू. पांढरेपणा मायलिनचा. हे स्निग्ध आवरण तंतूभोवती थरावर थर गुंडाळलेलं असतं. ते सलग नसतं, ठरावीक अंतरावर तंतू उघडा पडतो, आणि संदेश या उघड्या जागांवरून जणू उड्या घेत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत त्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर. शरीरातल्या सर्वांत वेगवान तंतूंत तो १०० मीटरच्या पुढे जातो. मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात हेच आवरण झडतं आणि संदेश रेंगाळतात, काही वाटेतच विरतात.

हा गर नुसता कापून पाहिला तर एकसारखा दिसतो. त्यातल्या वाटा हातानं मोकळ्या करण्याची एक सुंदर रीत स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात योझेफ क्लिंगलर यांनी १९३०च्या दशकात बसवली. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मग गोठवायचा. बर्फाचे स्फटिक तंतूंच्या फटीत शिरून त्यांना सुटं करतात. मग बोथट लाकडी पात्यानं एकेक जुडगा अलगद सोलत जायचं. असं सोलल्यावर दिसतं, की पंख्यासारखे पसरलेले तंतू खाली येताना एका चिंचोळ्या खिंडीत दाटले आहेत. ही इंटर्नल कॅप्सूल. हालचालीच्या आज्ञा इथूनच उतरतात आणि पुढे मेंदूच्या देठात बहुतेक तंतू बाजू बदलतात. या खिंडीत रक्ताची एखादी बारीक गुठळी अडकली, तरी विरुद्ध बाजूचा चेहरा, हात आणि पाय एकदम लुळे पडू शकतात. वरचा करडा थर शाबूत असतो, त्याचा शब्द मात्र खाली पोचत नाही. अर्धांगवायूच्या माणसाकडे पाहताना हे लक्षात असावं, असं मला फार वाटतं.

जिवंत माणसात या वाटा आता एमआरआयवर शोधता येतात, कारण पाण्याचे रेणू तंतूंच्या आडवे कमी आणि लांबीच्या दिशेनं जास्त सरकतात. पण ते चित्र अंदाजाचं असतं. म्हणून भाषेच्या वाटांजवळची गाठ काढताना काही शल्यविशारद रुग्णाला जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. रुग्ण चित्रं पाहून नावं सांगत असतो, शल्यविशारद विजेचा सौम्य स्पर्श देत पुढे सरकतो. कानामागून कमानीसारख्या वळून पुढे गेलेल्या आर्क्युएट वाटेला हा स्पर्श लागला, की शब्दातले ध्वनी उलटसुलट होतात. खालच्या दुसऱ्या एका वाटेला लागला, तर उच्चार स्वच्छ येतो, पण मांजराला कुत्रा म्हटलं जातं. विजेचा स्पर्श काढला, की शब्द परत येतो.

त्या जागी आकड्याची छोटी चिठ्ठी ठेवली जाते. त्या बाजूला शल्यविशारद पुढे जात नाही. रुग्णासमोर पुढचं चित्र येतं.