लिटरमागे पाच मिलिग्रॅम

(दृश्य: नाशिकमधल्या एका महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा. काट्यावर साखर मोजली जात आहे.)

साखर 20 ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेट 2 ग्रॅम. पोटॅशियम फॉस्फेट 1 ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी अर्धा ग्रॅम. फेरस सल्फेट 100 मिलिग्रॅम. आणि सगळ्यात शेवटी, सोडियम मॉलिब्डेट 5 मिलिग्रॅम. हे सगळं एक लिटर पाण्यात.

हे ॲझोटोबॅक्टरचं माध्यम आहे, म्हणजे प्रयोगशाळेत त्याला वाढवण्याचं खाद्य. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत जिवाणू खत म्हणून जातो, तोच हा जिवाणू. माध्यमात नत्र मुद्दामच घातलेलं नाही. ते त्याने हवेतून घ्यायचं आहे.

आता शेवटचा घटक वगळून पाहू.

(दृश्य: शेकरवर दोन फ्लास्क. दोन्ही गढूळ.)

मॉलिब्डेट घातलेला फ्लास्क गढूळ झाला, म्हणजे जिवाणू वाढले. न घातलेलाही झाला! मग मॉलिब्डेटमधल्या मॉलिब्डेनम या धातूची गरजच नाही का? गरज आहे. ते न घालताही आत गेलं होतं. साखरेत त्याचा अंश असतो, क्षारांत असतो, काचेला चिकटलेलं असतं. शिवाय ॲझोटोबॅक्टर स्वतः मॉलिब्डेनमचा साठा करून ठेवतो, त्यासाठी त्याच्याकडे एक खास प्रथिन आहे.

म्हणून काचसामान आधी सौम्य आम्लात बुडवून ठेवायचं, मग डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायचं. क्षार शुद्ध केलेले हवेत. आणि जिवाणू एका मॉलिब्डेनमरहित फ्लास्कमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यायचे, जुना साठा संपेपर्यंत. हे काम किचकट आहे, पण याच्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही. ॲझोटोबॅक्टर 1901 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बेयरिंक यांनी वर्णन केला. त्याला मॉलिब्डेनम लागतं हे मात्र हेर्मान बोर्टेल्स यांनी 1930 मध्ये दाखवलं.

(दृश्य: नवे दोन फ्लास्क. एक गढूळ, दुसरा जवळजवळ नितळ.)

आता फरक डोळ्यांना दिसतो. मॉलिब्डेनम नसलेल्या फ्लास्कमध्ये वाढ पार मंदावली आहे. त्यात थोडं अमोनियम क्लोराईड टाका, की हेच उपाशी जिवाणू पुन्हा जोमाने वाढू लागतात. या प्रयोगातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. धातू कुठल्या कामाला लागतो, ते यातून कळतं. हवेतलं नत्र फोडणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराच्या गाभ्यात मॉलिब्डेनमचा एक अणू असतो, त्याच्याभोवती लोहाचे सात आणि गंधकाचे नऊ. तयार अमोनिया मिळाला, की त्या विकराची गरजच उरत नाही.

(दृश्य: द्राक्षबाग. वेलीच्या शेंड्याकडची पानं, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.)

लोहाची अडचण वेगळी आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण न विरघळणाऱ्या रूपात. वेलीला मिळत नाही, तसं जिवाणूंनाही मिळत नाही. प्रयोगशाळेतही असंच घडतं. फॉस्फेट आणि लोह एकत्र करून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात घातलं, की माध्यमात पांढुरका साका धरतो. नवखा विद्यार्थी त्याला वाढ समजतो. म्हणून लोहाचं द्रावण वेगळं निर्जंतुक करून नंतर घालतात, किंवा सायट्रेट, ईडीटीए अशा लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या संयुगांशी बांधून देतात.

जिवाणूंनी यावर आपला उपाय शोधला आहे. ते सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात. खेकड्याच्या नांगीसारखे हे रेणू लोह धरतात आणि पेशीत परत येतात.

(दृश्य: अंधारी खोली. अतिनील दिव्याखाली पेट्री डिश.)

हा स्युडोमोनास, आणखी एक जिवाणू. लोह कमी असलेल्या माध्यमावर वाढवला आहे. हिरवट-पिवळी चमक दिसते ती त्याच्या सिडेरोफोरची, पायोव्हर्डिनची. शेजारच्या डिशमध्ये जिवाणू तोच, फक्त लोह जास्त घातलेलं. वाढ चांगली आहे, चमक नाही. लोह हाताशी असताना तो हा खर्च करत नाही.

मँगेनीजचंही थोडक्यात सांगायला हवं. बॅसिलस या जिवाणूला बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारं सुप्त रूप, तयार करायला ते लागतं. बीजाणू धरले नाहीत, तर पाकिटातलं जिवाणूंचं उत्पादन टिकत नाही.

(दृश्य: तांबट लेन. हातोडीखाली तांब्याचा हंडा.)

आणि तांबं. काही जिवाणूंच्या श्वसनाच्या विकरांना ते हवं असतं, पण माध्यमांच्या अनेक कृतींत तांब्याचा क्षार लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. त्यापुढे ते लवकरच विष ठरतं. काही महत्त्वाच्या विकरांमध्ये लोह आणि गंधकाची जोडणी असते, तांबं तिथून लोहाला हुसकावून लावतं. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जिवाणू मरतात, ते या आणि अशाच कारणांनी.

आता बागेतला हिशेब करू. बोर्डो हे मोरचूद आणि चुन्याचं, बुरशीविरुद्ध फवारायचं मिश्रण. 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम, माध्यमातल्या मात्रेच्या लाखो पट. चुन्यामुळे बरंचसं बांधलं जातं, विरघळलेला भाग थोडाच असतो, पण डाऊनी या द्राक्षरोगाच्या बुरशीसदृश जंतूला तो पुरतो आणि जिवाणूंनाही. बॅसिलसचे बीजाणू काही काळ तग धरतील, वाढणाऱ्या पेशी धरणार नाहीत. म्हणून बोर्डो आणि जिवाणू एका टाकीत मिसळायचे नाहीत. बोर्डोनंतर पंप, नळी, नोझल स्वच्छ धुऊनच जिवाणूंची फवारणी घ्यायची.

पानावरून धुतलेलं तांबं मातीत जातं. ते कुजत नाही, सहसा खोलवर वाहूनही जात नाही, वरच्या थरात साठत राहतं. जिथे वर्षानुवर्षं बोर्डो मारलं आहे, त्या बागेच्या माती परीक्षणात सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी मागून घ्या. जस्त, लोह, मँगेनीज यांच्या रांगेत तांब्याचा आकडा येतो. जिवाणू खताची पिशवी फोडण्याआधी तो वाचा.