टीव्हीकडे पाठ

(काळा पडदा. खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडतं.)

आधीच सांगून टाकतो. ही फिल्म अमेरिकन फुटबॉलवर आहे आणि हिच्यात फुटबॉल नाही. सामन्याची दृश्यं दाखवायची तर हक्क विकत घ्यावे लागतात, आणि आमचं बजेट म्हणजे एका कॅमेऱ्याचं भाडं आणि पेट्रोल. कॉमेंट्रीचा आवाजही त्याच कारणानं पुसलाय. मग आम्ही तिवई लावली, कॅमेरा टीव्हीकडे पाठ करून ठेवला आणि समोर बसलेल्या माणसांवर रोखला. पुढची काही मिनिटं तुम्हाला स्कोअर दिसणार नाही. तो यांच्या चेहऱ्यावर वाचायचा.

(तळघर. जुना सोफा, भिंतीवर लाल-निळा झेंडा. अकरा माणसं. मध्ये दुमडायच्या पायांचं पांढरं प्लास्टिकचं टेबल.)

तारीख 23 जानेवारी 2022, रविवार. न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. न्यूयॉर्क म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते इथून सहा-सात तासांवर आहे. इथे ईरी तलाव आहे, तलावावरून येणारा बर्फ आहे आणि बिल्स नावाचा संघ आहे. 1950 साली या शहरात 5 लाख 80 हजार माणसं राहायची. 2020 च्या जनगणनेत उरली 2 लाख 78 हजार. पोलादाचा कारखाना गेला, माणसं गेली. संघ मात्र राहिला.

सोफ्याच्या डाव्या कडेला टोपी घातलेले आजोबा दिसतायत, ते घरमालक. वय 71. बेथलेहेम स्टीलमध्ये होते, 1983 साली काम गेलं तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. मी त्यांना ‘काका’ म्हणतो. अर्थ सांगितल्यापासून ते फोनवर स्वतःची ओळख ‘काका बोलतोय’ अशीच करून देतात, फक्त ‘काका’चा उच्चार ‘कॅका’ होतो.

आणि ते टेबल. बिल्स जिंकले की इथले लोक गाडीच्या टपावरून टेबलावर उडी मारतात आणि टेबल मोडतात. का, हे मला विचारू नका, मी नऊ वर्षं राहतोय आणि मलाही नीट सांगता येत नाही. कुणाकुणाची पाठ मोडते, तो भाग आम्ही चित्रित केलेला नाही. आजचं टेबल काकांनी शनिवारी विकत आणलं. जिंकल्यावर मोडायला.

(जिना. एक बाई वाफाळत्या विंग्जचा ट्रे घेऊन उतरते. सगळे ट्रेकडे बघतात, कुणी उठत नाही.)

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अंडाकृती चेंडू हातात धरून समोरच्याच्या हद्दीत शिरायचं, शिरलं की टचडाउन, 6 गुण. नाहीच जमलं तर लाथेनं चेंडू उडवून दोन खांबांमधून काढायचा, 3 गुण. नावात ‘फुट’ असून पाय क्वचितच लागतो, म्हणून आपल्याकडचे लोक हसतात. त्या शनिवार-रविवारी मात्र बाद फेरीचे चार सामने झाले आणि पहिले तिन्ही अगदी शेवटच्या क्षणी, कुणाच्या तरी पायानं सुटले.

(मोबाइलवरची क्लिप, उभी. सिनसिनाटीतला बार. सगळे एकाच दिशेला बघत उभे.)

शनिवार दुपार. ही क्लिप मित्रानं पाठवलीय. सिनसिनाटी बेंगॉल्सचा सामना होता टेनेसी टायटन्सशी, नॅशव्हिलला. बेंगॉल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो नऊ वेळा जमिनीवर आपटला गेला. नऊ! 16-16, आणि शेवटची लाथ इव्हान मॅकफर्सनची, पहिल्याच वर्षाचा पोरगा, 52 यार्डांवरून. मारायला जाताना तो सोबतच्याला म्हणाला की आपण पुढच्या फेरीत गेलो असं दिसतंय, हे नंतर बरोनंच सांगितलं. आता या निळ्या जर्किनवाल्या माणसाकडे बघा. त्यानं डोळे मिटून घेतलेत. शेजारी ओरडले तेव्हाच उघडले.

आधीच्या आठवड्यात बेंगॉल्सनी 31 वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीतला सामना जिंकला होता, आणि त्यांचे कोच झॅक टेलर त्या रात्री सामन्यातला चेंडू घेऊन गावातल्या बारमध्ये गेले, लोकांच्या हातात देऊन आले. आपल्याकडे ट्रॉफी काचेच्या कपाटात जाते आणि कुलपाची किल्ली सेक्रेटरीकडे असते.

नॅशव्हिलच्या हरलेल्यांचं आमच्याकडे एकही दृश्य नाही.

(मोबाइल क्लिप. रात्र. बर्फ पडतोय. हजारो माणसांच्या तोंडातून वाफ. पिवळ्या स्पंजची चीजच्या तुकड्यासारखी टोपी घातलेला माणूस.)

त्याच रात्री ग्रीन बे, विस्कॉन्सिन. पारा उणे दहाच्या आसपास. पॅकर्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्स. इथे थोडं थांबायला हवं, कारण पॅकर्सना मालक नाही. म्हणजे एक मालक नाही. लाखो लोकांकडे या संघाचे शेअर आहेत. त्याच हिवाळ्यात 300 डॉलरला एक याप्रमाणे नवे शेअर विकायला काढले होते. लाभांश शून्य, बाजारात विकता येत नाही, भाव वाढत नाही. लोक घेतात आणि फ्रेम करून भिंतीवर लावतात. गाव लाखभर वस्तीचं. म्हणजे या स्टेडियममध्ये बर्फात उभे असलेले बरेचजण स्वतःचीच कंपनी बुडताना बघत होते.

चार-पाच मिनिटं उरली असताना पॅकर्सचा एक पंट, म्हणजे चेंडू समोरच्याकडे देताना मारलेली लांब लाथ, अडवला गेला, चेंडू उचलून फोर्टी-नायनर्सनी टचडाउन केलं. मग वेळ संपता संपता रॉबी गूल्डची 45 यार्डांची लाथ. 13-10. त्या शेवटच्या लाथेच्या वेळी पॅकर्सचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते. चीजवाला माणूस टोपी काढतो. टोपीवरचा बर्फ खाली पडतो. क्लिप इथेच संपते.

रविवारी टँपात रॅम्सनी बुकेनिअर्सना 30-27 हरवलं, 27-3 अशी आघाडी घालवून, पुन्हा शेवटच्या लाथेवर. टँपाचं चित्रीकरण नाही, त्यामुळे एवढंच सांगतो. बुकेनिअर्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनं त्या सामन्यात टचडाउनसाठी फेकलेला चेंडू माइक इव्हान्सनं प्रेक्षकांत भिरकावला. ब्रेडी निवृत्त झाला, तो चेंडू ‘शेवटचा’ म्हणून मार्चमध्ये लिलावात 5 लाख 18 हजार डॉलरना गेला, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेडीनं निवृत्ती मागे घेतली. व्यवहार रद्द झाला. घेणाऱ्याचा चेहरा टिपायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

(पुन्हा तळघर. विंग्जची हाडं. टेबलावर पेल्यांची वर्तुळं.)

आता आमचा सामना. बिल्स विरुद्ध चीफ्स, कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेडवर. आधीच्या जानेवारीत याच मैदानावर चीफ्सनी बिल्सना 38-24 हरवलं होतं.

हा शॉट लांबवर चालतो, तो मी कापलेला नाही. शेवटची दोन मिनिटं. चौथा आणि अखेरचा प्रयत्न, 13 यार्ड पुढे जायलाच हवं, आणि बिल्सच्या क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचा चेंडू गेब डेव्हिसच्या हातात. ट्रे आणणारी बाई उभी राहिली. 29-26, बिल्स पुढे. मिनिटभरात चीफ्सचा टायरीक हिल 64 यार्ड पळाला. बाई खाली बसली. 33-29, चीफ्स पुढे. आता बघा, खोलीत कुणी बोलत नाही. मागच्या रांगेतला पोरगा स्वतःच्या जर्सीची कॉलर चावतोय. पुन्हा डेव्हिस, त्या रात्रीचं त्याचं चौथं टचडाउन. बाद फेरीच्या इतिहासात एका सामन्यात चार टचडाउन झेलणारा तो पहिलाच. 36-33, बिल्स पुढे. घड्याळात 13 सेकंद.

(दहा माणसं एकमेकांच्या अंगावर. कॅमेरा हलतो. हात लेन्ससमोर येतो. काळा पडदा.)

तो हात माझा आहे.

जिंकलोच, असं समजून मी कॅमेरा बंद केला आणि त्या ढिगाऱ्यात उडी मारली. सतरा मिनिटांची फिल्म करायला निघालेला माणूस तिच्यातले तेरा सेकंद गमावून बसला, आणि फिल्म त्या तेरा सेकंदांचीच आहे. बंद करण्याआधीची शेवटची फ्रेम मी शंभरदा पाहिलीय. डाव्या कडेला काका. ते बसलेलेच आहेत. टोपीसुद्धा काढलेली नाही.

(काळा पडदा चालू. दुसऱ्या फोनवरचं ध्वनिमुद्रण. आधी ओरडा, मग कमी होत जाणारा आवाज.)

तेरा सेकंदांत काय झालं ते सांगावं लागेल. चीफ्सकडे चेंडू सोपवताना बिल्सनी तो लांब मारला, थेट शेवटच्या पट्ट्यात. नियम असा की तो कुणी उचलून पळालं नाही तर घड्याळ हलत नाही. आखूड मारला असता तर कुणीतरी पळाला असता, चार-पाच सेकंद गेले असते. यावर या गावात आजही दुकानाच्या रांगेत भांडणं होतात. मग चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचे दोन चेंडू: एक हिलला, 19 यार्ड. एक ट्रॅव्हिस केल्सीला, 25 यार्ड. उरले 3 सेकंद. हॅरिसन बटकरची 49 यार्डांवरून लाथ. 36-36.

(चित्र परत येतं. तीच खोली. सगळे आपापल्या जागी.)

जादा वेळ. आणि टॉस. कॅमेरा मी पुन्हा सुरू केला तो इथे.

या टॉसवर मी जरा जास्त बोलणार आहे. आमच्या संकलकाचं म्हणणं आहे की हा भाग निम्मा कापावा. तो डॅलसचा आहे. तेव्हाचा नियम: टॉस जिंकणाऱ्याला चेंडू आधी मिळतो आणि त्यानं पहिल्याच चालीत टचडाउन केलं की सामना खलास. समोरच्याला चेंडूला हातही लावायला मिळत नाही. 2010 मध्ये बाद फेरीसाठी हा नियम आला तेव्हापासून ही रात्र धरून अकरा सामने जादा वेळेत गेले होते. पुढच्या रविवारचाही धरून बारा, आणि त्या बारापैकी दहा टॉस जिंकणाऱ्यांनी जिंकले. आणि गंमत ऐका. जानेवारी 2019 मध्ये हेच चीफ्स असेच न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाकडून हरले होते, महोम्स कडेला उभा राहून बघत होता. मग चीफ्सनीच प्रस्ताव मांडला की दोघांनाही एकेक संधी द्या. तो तेव्हा मंजूर झाला नाही. तीन वर्षांनी त्याच नियमानं त्यांचं भलं केलं.

अ‍ॅलननं काटा मागितला. छापा पडला.

(बारा सेकंद निवेदन नाही. चेहरे.)

केल्सीचं टचडाउन, 42-36. अ‍ॅलन बाकावरच. 

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या मॅचेस बघत वाढलोय. हरलेल्या रात्री पेठेत कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढं मला कळतं. म्हणून इथे कॅमेरा खाली, गालिच्यावर आहे. काकांची नात, वय सात, एक नाणं उडवतेय. छापा. काटा. काटा. छापा. काटा.

(सोमवार सकाळ. बर्फ उपसणारी गाडी. दारात झेंडा, उतरवलेला नाही. जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण.)

या गावाला हरण्याची सवय आहे, असं लोक म्हणतात. काकांना ते वाक्य आवडत नाही. हे कात्रण त्यांच्या फायलीतलं. 27 जानेवारी 1991, सुपर बोल म्हणजे स्पर्धेचा अंतिम सामना, स्कॉट नॉरवुडची 47 यार्डांवरची लाथ उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स 20-19 हरले. दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरला हजारो लोक जमले. काकाही गेले होते. नॉरवुड मागे लपून उभा होता आणि लोक त्याच्या नावाचा घोष करायला लागले: आम्हाला स्कॉट हवा. तो पुढे येऊन बोलेपर्यंत थांबले नाहीत. त्यानंतर सलग तीन सुपर बोल हरले. पुढे 2000 पासून सतरा वर्षं बाद फेरीच नाही. 31 डिसेंबर 2017 ला सिनसिनाटीच्या अँडी डाल्टननं शेवटच्या मिनिटात बाल्टिमोरला हरवलं, त्यामुळे बिल्सना जागा मिळाली, तर या लोकांनी डाल्टनच्या संस्थेला देणग्या पाठवल्या. सतरा वर्षांचे सतरा-सतरा डॉलर.

(लॅपटॉपचा पडदा. देणग्यांची यादी सरकतेय. नावं धूसर केलेली. 13, 13, 13, 26, 13.)

नोव्हेंबर 2020 मध्ये जॉश अ‍ॅलनची आजी वारली. लोकांनी बफेलोच्या ओइशाय बालरुग्णालयाला पैसे पाठवायला सुरुवात केली, पुन्हा सतरा डॉलर, कारण अ‍ॅलनच्या पाठीवरचा आकडा 17. रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली. या सामन्यानंतर त्याच रुग्णालयाला एकदम तेरा-तेरा डॉलर यायला लागले. पाठवणारे कॅन्सस सिटीचे. चीफ्सवाले! आठवड्याच्या आतच लाखो डॉलर जमले. काकांनी ही यादी बघितली, चष्मा लावून पुन्हा बघितली आणि म्हणाले, तेरा आकडा त्यांनी मुद्दाम निवडलाय. टोमणाच आहे हा. मग स्वतःही तेरा पाठवले.

बाकी घडलं ते भराभर: पुढच्याच रविवारी चीफ्सनी जादा वेळेचा टॉस जिंकला आणि बेंगॉल्सकडून हरले. सुपर बोल रॅम्सनी घेतला. मार्चमध्ये बाद फेरीसाठीचा नियम 29 विरुद्ध 3 मतांनी बदलला, आता दोघांनाही चेंडू मिळतो. त्याच महिन्यात बिल्सच्या नव्या स्टेडियमसाठी राज्य आणि काउंटीच्या तिजोरीतून मिळून 85 कोटी डॉलर द्यायचं ठरलं.

(तळघर. रविवार रात्र, 10:40. दिवे अर्धे बंद. काका एकटे.)

ही शेवटची क्लिप. सगळे गेल्यावरची. कॅमेरा चालू आहे हे काकांना माहीत नव्हतं, नंतर दाखवली तेव्हा ठेव म्हणाले. ते पेले गोळा करतात. टेबल ओल्या फडक्यानं पुसतात, वर्तुळं जाईपर्यंत. उलटं करून एकेक पाय दुमडतात. मग काखेत धरून गराजमध्ये नेतात आणि भिंतीला टेकवून ठेवतात. तिथे आधीची दोन आहेत. तीही अख्खी.