लांडगा शीळ घालतो तेव्हा

(थेट कॅमेऱ्याकडे. संगीत नाही.)

एक मांजर गुत्त्यात बसून दूध पितंय. कुठूनतरी शीळ ऐकू येते. अंगात काळी घोंगडी घातलेला एक लांडगा शेजारी येऊन बसतो. गोड बोलतो. मग दोन विळे काढतो, आणि थोड्याच वेळात त्या मांजराच्या कपाळावरून रक्ताचा एक थेंब खाली ओघळतो. एरवी बढाया मारणारं ते मांजर जीव घेऊन पळत सुटतं.

हा मुलांचा सिनेमा आहे, बरं का. 'पुस इन बूट्स: द लास्ट विश', २०२२ सालचा. दिग्दर्शक जोएल क्रॉफर्ड.

मी तो माझ्या सात वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. या प्रसंगात तिनं माझा दंड असा घट्ट धरला की मला वाटलं, झालं, आता घरी मला बोलणी बसणार. सिनेमा संपला. ती जरा वेळ गप्प होती, आणि मग म्हणाली, "मामा, लांडगा वाईट नव्हता ना?"

नव्हताच. तो मृत्यू होता. मांजराला नऊ जन्म असतात अशी त्या जगातली समजूत, त्यातले आठ या पठ्ठ्यानं उनाडपणात उधळले, आणि म्हणून मृत्यू चिडलाय. सात वर्षांच्या मुलीला हे कळलं, आणि आपण अजून विचारतोय, "मुलांना झेपेल ना?"

तर आजचा विषय हा. गेल्या काही वर्षांतले कुटुंबानं एकत्र बघायचे ॲनिमेशनपट आणि कॉमिक्सवरचे सिनेमे, आणि त्यातली भीती. शेवट फोडणार आहे, त्यामुळे ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबवा.

माझं म्हणणं असं आहे की मुलांना घाबरवलं तर चालतं. घाबरवून झाल्यावर "अरे, काही झालंच नव्हतं" म्हणून हात झटकले, की मात्र माझं डोकं फिरतं.

पुसकडेच, म्हणजे त्या मांजराकडेच, परत येऊ. मध्यावर एक प्रसंग आहे. लांडग्याला पाहून पुस जंगलात पळतो, एका झाडाशी कोसळतो, छाती धडधडतेय, श्वास पुरत नाहीये. पेरिटो नावाचं छोटं कुत्रं त्याच्या मागे येतं. आता इथे दहातल्या नऊ सिनेमांत काय झालं असतं? भाषण. "स्वतःवर विश्वास ठेव" वगैरे. पेरिटो काय करतो? पुसच्या पोटावर डोकं टेकवून पडून राहतो. बस्स. हळूहळू श्वास जागेवर येतो. घाबरलेल्या माणसाजवळ कसं बसावं, हे मला इतक्या सोप्या रीतीनं कुणी दाखवलं नव्हतं.

आणि शेवटी पुस लांडग्याला हरवत नाही. तुला मी कधीच हरवू शकणार नाही, पण या एका आयुष्यासाठी लढेन, असं तो सांगतो, आणि लांडगा निघून जातो. जाताना पुन्हा भेटू हे ठरलेलंच.

थोडं तांत्रिक सांगतो, कारण मला राहवत नाही. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. संगणकावरच्या ॲनिमेशनमध्ये सहसा प्रत्येक चौकटीत पात्र थोडं हलतं, म्हणून सगळं गुळगुळीत दिसतं. या सिनेमात मारामारी सुरू झाली की तीच पोझ दोन-दोन चौकटी धरून ठेवतात. हालचाल तुटक होते, प्रत्येक वार कॉमिकच्या पानावरच्या चित्रासारखा उभा राहतो. ही मोकळीक २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'नं सगळ्यांना दिली. त्यात नवखा स्पायडर-मॅन माइल्स तुटक हलतो आणि मुरलेला स्पायडर-मॅन पीटर सफाईनं. पोराला अजून जमत नाहीये, हे संवादाशिवाय कळतं.

२०२३ चा पुढचा भाग, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स', तर भीतीवरच उभा आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या गोष्टीत कुणीतरी जवळचं मरायलाच हवं, असा तिथे नियम सांगितला जातो. माइल्स म्हणतो, मी मानत नाही. माझी तक्रार एकच. १४० मिनिटं बसवून घेतलं आणि गोष्ट अर्ध्यावर सोडली.

(खुर्ची पुढे ओढत.)

आता 'द वाइल्ड रोबो', २०२४, दिग्दर्शक ख्रिस सँडर्स. रोझ नावाची यंत्रमानवी एका बेटावर येऊन पडते आणि चुकून हंसाचं घरटं चिरडते. एक अंडं वाचतं. म्हणजे जिच्यामुळे पिल्लू पोरकं झालं, तीच त्याची आई होते. केवढी अवघड गोष्ट आहे ही! आणि ती लपवून ठेवलेली नाही, पिल्लाला पुढे कळतं. बेटावरची एक ऑपॉसम (पिशवीत पिल्लं वाढवणारा छोटा प्राणी) आई तर बोलता बोलता पोरांचा आकडा सातावरून सहावर आणते. थिएटरात मोठी माणसं दचकली, पोरं खो-खो हसली.

शेवटी थोडी चलाखी इथेही आहे. बंद पडलेली रोझ पिल्लाच्या हाकेनं जागी होते. मी खपवून घेतो, कारण जागी झाली तरी तिला बेट सोडावंच लागतं. निरोप टळत नाही.

'मोआना २'मध्ये टळतो. नायिकेवर वीज पडते, ती मरते, पूर्वज येतात आणि ती आधीपेक्षा ताकदवान होऊन उठते. मग आम्ही घाबरलो कशाला?

'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स'चं, २०२५, मला जास्त वाईट वाटलं, कारण प्रश्न भारी होता. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस सुपरहिरो जोडप्याला म्हणतो, तुमचं बाळ द्या, पृथ्वी वाचेल. आईबाप नकार देतात आणि सगळं जग त्यांच्यावर उलटतं. पण शेवटी आई जीव देते, डोळ्यांत पाणी येतंय न येतंय, तोच बाळ हात लावतं आणि ती उठून बसते. पाणी आत ढकला.

त्याच वर्षीचा जेम्स गनचा 'सुपरमॅन' उलट बाजूनं फसतो. राक्षसाशी लढताना खारीला वाचवणारा सुपरमॅन मला फार आवडला. पण खलनायक लूथर त्याच्यासमोर एका निरपराध माणसाला गोळी घालतो, आणि त्या माणसासाठी सिनेमा पुरेसा थांबत नाही. सुपरमॅनबरोबरचा क्रिप्टो कुत्रा बघायचा म्हणून लहानग्यांना नेणार असाल, तर हा प्रसंग माहीत असू द्या.

एका मुलीच्या डोक्यातल्या भावनाच पात्रं असलेल्या 'इनसाइड आउट २'बद्दल एवढंच, की चिंतेचं वादळ सुंदर आहे, बाकी पहिल्याचीच वाट.

आणि 'फ्लो'. २०२४, लॅटव्हियाचा गिंट्स झिल्बालोडिस. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला, आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. एकही संवाद नाही. पाणी चढत जातं, एक मांजर, एक कॅपिबारा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी), एक लेमूर (माकडासारखा प्राणी), एक पक्षी आणि कुत्रा एका होडीत. पूर का आला, माणसं कुठे गेली, कुणी सांगत नाही. पाणी ओसरतं तेव्हा ज्यांना पाण्याविना जगता येत नाही त्यांचं काय होतं, हे मात्र दिसतं.

भाची ८५ मिनिटं हलली नाही. मध्येच तिनं विचारलं, "ही मांजर बोलत का नाही?" मी म्हटलं, मांजरं बोलत नाहीत. तिला पटलं.

हल्ली ती लांडग्याची शीळ शिकतेय. अजून नुसती हवाच निघते.