ज्येष्ठेची आंबील

नमस्कार श्रोतेहो.

यंदा महालक्ष्म्या यायच्या आदल्या रात्री माझ्या पुतणीची मुलगी पुण्याहून आली. वय 22. पाठीवरची बॅग खाली ठेवली न ठेवली तोच म्हणाली, "आजी, मला एखाद्या जुन्या देवीशी नातं जोडायचंय. खरं नातं. पूजाबिजा नाही." मोबाईलमध्ये तिची यादीच तयार होती. ग्रीसची डीमिटर, इजिप्तची आयसिस, सुमेरची इनाना आणि सगळ्यांत खाली आपली काली. प्रत्येकीच्या नावापुढे तिचा रंग, तिचा वार आणि कोणत्या वासाची मेणबत्ती लावायची तेही लिहिलेलं. मी तेव्हा ज्वारीचं पीठ ताकात भिजवत होते. म्हटलं, "हात धू आणि हे जरा फेट, गुठळी राहू देऊ नको."

तिला वाटलं, म्हातारी विषय टाळते आहे. मी तर तिच्या यादीतल्या पहिल्या देवीपाशीच तिला नेत होते. ते तिला सांगायला मला दोन दिवस लागले. तुम्हाला आजच सांगते.

डीमिटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफनी माळावर फुलं तोडत असताना पाताळाच्या राजानं पळवून नेली. आई दोन्ही हातांत मशाली घेऊन नऊ दिवस तिला शोधत हिंडली. अन्न नाही, पाणी नाही, अंगावर आंघोळीचं पाणीही घेतलं नाही. शेवटी म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस नावाच्या गावी विहिरीपाशी येऊन बसली. तिथल्या राजाच्या मुलींनी तिला घरी नेलं. मानाचं आसन दिलं, ते तिनं नाकारलं. कुणाशी बोलेना, हसेना. मग घरातल्या एका दासीनं चेष्टामस्करी करून तिला हसवलं. तांबडी दारू पुढे केली, ती नको म्हणाली. म्हणाली, जवाचं पीठ पाण्यात कालवा, त्यात पुदिन्यासारखा पाला घाला आणि ते द्या. ते पिऊन तिनं उपास सोडला. पुढे हजार वर्षांहून जास्त काळ एल्युसिसला तिचे भक्त दरवर्षी उपास करून तेच पेय पीत होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो उत्सव बंद पडला.

नऊ दिवसांचा उपास, म्हाताऱ्या रूपातली देवी आणि भिजवलेल्या पिठाची वाटी. आता हे तिकडून इकडे आलं की इकडून तिकडे गेलं, या ओढाताणीत मी पडत नाही. मला त्याचा कंटाळा आहे. जिथे माणूस धान्यावर जगतो तिथे देवीलाही भूक लागते, एवढंच माझ्यापुरतं खरं.

आपल्याकडे वैदर्भीय घरात महालक्ष्म्यांचा थाट काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या, फुलोरा. पण पानात आंबील नसेल तर सगळं असून नसल्यासारखं. माझ्या सासूबाई आंबिलीपाशी कुणाला बोलू देत नसत. "ढवळणं थांबलं का बसलीच समज बुडाशी. तिले काऊन ताटकळत ठेवतं?" म्हणायच्या. तिले म्हणजे कुणाला, आंबिलीला की महालक्ष्मीला, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी, अनुराधा नक्षत्रावर, मुखवटे आत आणताना आपण देवीला अख्खं घर दाखवतो ना? स्वयंपाकघर, धान्याच्या कोठ्या, कपाट, तिजोरी. मुलीला मी मुखवट्याचं ताट दिलं. ती देवघरापाशी जाऊन उभी राहिली. म्हटलं, आधी फ्रिज दाखव. ती हसली, पण दाखवला. आत कालची भाजी होती आणि अर्धं लिंबू. नात्याचं म्हणशील तर हेच, मी म्हटलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला आपण बैठकीत बसवतो. माहेरी आलेली सरळ आत येते आणि डबे उघडून बघते.

मी शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही. त्या रात्री तिला ऋग्वेदातलं देवीसूक्त वाचून दाखवलं. दहाव्या मंडलातलं 125 वं सूक्त, आठच ऋचा. ऋषिका वाक्, अंभृण ऋषीची मुलगी. ती देवीची स्तुती करतच नाही, स्वतःच देवी होऊन 'अहं, अहं' असं बोलत जाते. चौथ्या ऋचेत म्हणते, जो अन्न खातो, जो बघतो, जो श्वास घेतो, तो माझ्यामुळे. आणि मग चार शब्द येतात, 'अमन्तवो मां त उपक्षियन्ति'. मला न ओळखता ते माझ्याच जवळ राहतात.

या ओळीवर मी दरवर्षी वर्गात थांबत असे. मुलं परीक्षेला अन्वय पाठ करायची, मला मात्र दर वेळी कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं व्हायचं. नातं जोडायला आपण निघतो तेव्हा समजूत अशी असते की देवी कुठेतरी लांब आहे आणि तिथवर तार टाकायची आहे. इथे तीच सांगते आहे, तू माझ्या शेजारी राहतोस, फक्त तुला माहीत नाही. त्याच ऋचेच्या शेवटी ती म्हणते, ऐक. रेडिओवर बोलणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं!

सप्तशती, देवीची पोथी, बहुतेक घरांत असते. नवरात्रात तिचे पाठ होतात, 13 अध्याय, भराभर. पाचव्या अध्यायात 'या देवी सर्वभूतेषु' येतं, ते पुढच्या वेळी जरा हळू म्हणून बघा. देवी प्राण्यांमध्ये कोणत्या रूपानं राहते, याची ती यादी आहे. चेतना, बुद्धी, मग निद्रा, आणि निद्रेला लागूनच क्षुधा. भूक. लक्ष्मीचा नंबर बराच पुढे लागतो. सगळ्यांत शेवटी भ्रांती, म्हणजे आपली चूक, आपला घोटाळा, तेही तिचंच रूप. हे ऐकून मुलीनं यादीचा मोबाईल बाजूला ठेवला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तिला झोप आली असावी. तेही चालतं, निद्रा यादीत आहेच.

आता जे बोलायचं ते मला जड जातं.

यजमान गेल्याला नऊ वर्षं झाली. त्या वर्षापासून आंबील मी करते, सोळा भाज्या मी चिरते, निऱ्या मी घालते, आणि हळदीकुंकवाची वेळ झाली की मी स्वयंपाकघरात असते. कुणी हाकललं नाही. सगळे फार प्रेमानं वागतात. "तुम्ही दमलात, जरा टेका," म्हणतात. पहिली दोन वर्षं मी टेकलेसुद्धा.

तिसऱ्या वर्षी मला ज्येष्ठा आठवली. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, म्हणून ज्येष्ठा गौरी, हे पंचांगातलं उत्तर ठीकच आहे. पण ज्येष्ठा नावाची एक फार जुनी देवीही आहे. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी वर आलेली तिची थोरली बहीण. हातात केरसुणी, ध्वजावर कावळा. लोकांनी तिला अलक्ष्मी म्हणून घराबाहेर काढलं. दहा महाविद्या म्हणजे देवीची दहा तांत्रिक रूपं, त्यांतली धूमावती तिच्याच जातकुळीची. ती विधवा आहे. हातात सूप, रथाला घोडे नाहीत आणि कायम भुकेली. तिची एक कथा अशी की पार्वतीला असह्य भूक लागली, शिवानं थांब थांब म्हटलं, तेव्हा तिनं त्यालाच गिळलं आणि त्यातून ही धूमावती झाली. कथा भयंकर आहे खरी. पण विधवेला देवी म्हणायची हिंमत कुणीतरी केली होती, एवढं तिच्यातून कळतं.

आणि आमच्या घरात दोघी शेजारी शेजारी बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, सारखी साडी, सारखा हार, सारखं पान. हे माझं वाचन आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. पण त्या वर्षापासून मी ज्येष्ठेच्या पानात आंबील स्वतः वाढते. हळदीकुंकू इतरांनी करावं. वाढणं माझं.

आमच्या शेजारच्या बाई बौद्ध आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत गौरी-गणपतीचं नाव घेऊन नकार आहे, आणि तो त्या मनापासून पाळतात. देवीशी नातं नको म्हणणं हाही नागपूरचाच एक दसरा आहे, तो मी लहानपणापासून बघत आले. त्यांच्याकडे डबा जातो, पण नैवेद्य दाखवण्याआधी काढलेला. त्या आंबील म्हणून घेतात, मी आंबील म्हणून देते. संक्रांतीला डबा तिळाच्या लाडवांनी भरून परत येतो.

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या गेल्या. घर एकदम मोठं वाटायला लागतं तशी ती संध्याकाळ. मुलगी म्हणाली, कुठेतरी जाऊया. सावनेर रस्त्यानं कोराडीला गेलो. तिथली जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळनंतर म्हातारी दिसते, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. लोक बहुधा सकाळचं रूप गाठायला धडपडतात. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते. रांगेत ती पंजांवर उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कशी दिसली?"

"थकलेली," ती म्हणाली. "आणि आजी, थोडी चिडलेली."

पलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवर लाल दिवे लागले होते. एका कट्ट्यावर बसलो आणि मी पिशवीतून डबा काढला. तिनंच ढवळलेली आंबील, एका दिवसात आणखी आंबलेली. गुठळ्या राहिल्याच होत्या. झाकणात ओतून तिला दिली. तिनं दोनदा मागून घेतली.