मणका ‘बसवून’ देता का?

श्रोतेहो, नमस्कार.

फिजिओथेरपीसाठी येणारी माणसं बहुधा आधी मागणी सांगतात, दुखणं नंतर. “मॅडम, मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या.” “मानेत काहीतरी अडकलंय, एकदा कटकन वाजवा, मोकळं होईल.” काहींनी तर तो मणका आधीच कुणाकडून तरी बसवून घेतलेला असतो. काही महिन्यांनी तो परत सरकतो, आणि परत बसवायचा असतो.

आज या हातानं करायच्या उपचारांबद्दल बोलायचंय. सांधा हलवणं, दाबणं, ताणणं, स्नायू चोळणं आणि क्वचित झटका देणं. यातलं बरंचसं उपयोगी आहे, मी रोज करते. पण त्याचा उपयोग का होतो याचं जे कारण लोक धरून चालतात, आणि कित्येक उपचार करणारेही बिनदिक्कत सांगतात, ते सहसा खरं नसतं.

वाकून काही उचलताना कंबर धरली, तेव्हा हाड निसटलेलं नसतं. मोठ्या अपघातात मणका सरकू शकतो. काहींचा एखादा मणका वर्षानुवर्षं थोडा पुढे आलेलाही असतो. पण तो एक्स-रेत दिसतो आणि हातानं ढकलून मागे जात नाही. 1998 साली याबाबत एक फार नेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरेच्या तळाशी, जिथे पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडाला मिळतो, तिथे सॅक्रोइलिॲक नावाचा सांधा असतो. तो ‘बिघडलाय’ असं निदान झालेल्या दहा रुग्णांच्या हाडांत धातूचे अगदी बारीक मणी बसवले, आणि झटका देण्याआधी व नंतर खास एक्स-रे काढून मोजमाप केलं. झटक्यानंतर हातानं तपासलं तर सांधा ठाकठीक वाटत होता. एक्स-रेत मात्र तो होता तिथेच होता.

मग तो ‘कट्’ आवाज कसला? हाडं जागेवर बसल्याचा तर नक्कीच नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन एकमेकांपासून दूर गेले की आतला दाब एकदम कमी होतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. 2015 साली बोटांचे सांधे वाजवताना त्यांचं थेट एमआरआय चित्रण केलं गेलं, त्यात ही पोकळी आवाजाच्या क्षणीच तयार होताना दिसली. तोवर बरीच वर्षं असं मानलं जात होतं की बुडबुडा फुटल्यामुळे आवाज होतो. या तपशिलावर अजूनही वाद चालतात, ते चालू देत. आपल्या कामाचं एवढंच, की एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, आणि कंबरेला झटका दिल्यावर आवाज आला काय, न आला काय, आराम पडण्यात फरक दिसत नाही. तेव्हा “आज वाजलं नाही, पैसे वाया गेले” असं म्हणू नका.

हाड हलत नाही, आवाजाला अर्थ नाही, तरी माणूस टेबलावरून उठतो तेव्हा मान जास्त वळत असते. हे खोटं नाही, मी मोजून पाहते. याचं उत्तर बरंचसं मज्जासंस्थेत आहे. कोपर कशावर आपटलं की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळायला लागतो. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याची उपपत्ती मांडली: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश पाठीच्या कण्यातच वेदनेच्या संदेशांची वाट अरुंद करतात. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. याशिवाय मेंदू वरून खाली, स्वतःच, वेदना दाबणारे संदेश पाठवतो. आणि दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू जे पहाऱ्यावर असल्यासारखे आवळून बसलेले असतात, ते सैल पडतात. आपण अनोळखी हाताखाली नाही, समजून घेणाऱ्या हाताखाली आहोत, हा विश्वासही यात मोजावा लागतो. काहींना हे ऐकून वाटतं, म्हणजे सगळा मनाचाच खेळ की! तसं नाही. वेदना शरीरातच असते, आणि तिचा आवाज किती मोठा करायचा हे मज्जासंस्था ठरवते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते, कारण चांगला उपचार ओळखायचा तो इथेच.

समजा, तुमचा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, चालता येतंय, पण जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना घोट्याच्या पुढच्या बाजूला अडतं. एक साधी चाचणी घरी करून बघा. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, पाऊल भिंतीच्या रोखानं सरळ ठेवा. टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो त्या जागी थांबा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. मग दुसरा पाय. मुरगळलेल्या बाजूला अंतर दोन-तीन सेंटिमीटर कमी भरलं, तर काय अडतंय ते तुम्हाला आकड्यात मिळालं.

यावर न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची एक पद्धत आहे, ती मला विशेष आवडते, कारण तिच्यात रुग्ण नुसता पडून राहत नाही. तुम्ही टेबलावर दुखरा पाय पुढे ठेवून उभे राहता. नडगीच्या हाडाखाली टॅलस नावाचं हाड असतं. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात मी ते पुढून धरते आणि मागच्या दिशेनं दाबून ठेवते. तुमच्या पोटरीच्या खालच्या भागामागून एक पट्टा माझ्या कमरेभोवती असतो, त्यानं मी नडगी पुढे ओढते. हा दाब आणि ओढ तशीच धरलेली असताना तुम्ही स्वतः गुडघा पुढे नेता. अट एकच: दुखता कामा नये. दुखलं तर माझी दिशा चुकली किंवा ही पद्धत तुमच्यासाठी नाही. थोडी आवर्तनं झाली की पाऊल पुन्हा भिंतीशी आणि पट्टी पुन्हा हातात. आकडा वाढला तर पुढे जायचं. नाही वाढला तर माझा हट्ट सोडून दुसरं काही बघायचं.

आधी मोजा, मग करा, मग पुन्हा मोजा. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलँड यांनी ही शिस्त या व्यवसायाला लावली. हलवण्याच्या पायऱ्याही त्यांनीच आखून दिल्या. पहिल्या दोन पायऱ्यांत सांधा अडथळ्याच्या अलीकडेच, सेकंदाला दोन-तीन वेळा, हलकेच झुलवतात. खूप दुखत असेल तेव्हा हे उपयोगी. तिसऱ्या-चौथ्या पायरीत अडथळ्यापर्यंत जाऊन तिथे दाब देतात. दुखणं कमी आणि आखडणं जास्त असेल तेव्हा. पाचवी म्हणजे झटका. पहिल्या पायरीच्या रुग्णाला बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई नुसती हात ठेवून बसलीय. नेमका तोच रुग्ण दुसऱ्या दिवशी झोप लागल्याचं सांगतो.

खांद्याचं काम मात्र चिवट. जखडलेला खांदा चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसतो, मधुमेह असलेल्यांत तर फारच. पाठीमागे हात जात नाही, केस विंचरता येत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. इथे सांध्याचं आवरण खरोखरच जाड झालेलं आणि आक्रसलेलं असतं. लोक काय करतात, तर हात धरून वर रेटतात. अडकलेला ड्रॉवर ओढत राहिलं तर तो आणखी घट्ट बसतो, थोडा बाजूला सरकवला की निघतो, तसं इथे आहे. हात वर जायला हवा असेल तर दंडाच्या हाडाचा गोल माथा वाटीतल्या वाटीत थोडा खाली सरकायला हवा. म्हणून मी हात उचलत नाही. हात तुम्हाला सोसेल तेवढा बाजूला घेऊन त्याच स्थितीत तो माथा खाली दाबते.

कोणत्या दिशेनं दाबायचं याचा नियम पुस्तकात आहे, आणि तो फसतोही. हात बाहेरच्या बाजूला वळवताना माथा पुढे सरकतो, म्हणून पुढे दाबावं असं शिकवलं जायचं. 2007 साली एका अभ्यासात जखडलेल्या खांद्याच्या रुग्णांचे दोन गट केले, एकाचा माथा पुढे दाबला, दुसऱ्याचा मागे. मागे दाबलेल्यांचा हात बाहेर जास्त वळायला लागला. तेव्हापासून नियमापेक्षा समोरच्या खांद्याला विचारणं बरं असं मी मानते. आणि हेही सांगून टाकते, की हा आजार वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, रेंगाळतो. आठ दिवसांत मोकळा करतो म्हणणाऱ्यापासून जपून राहा.

चोळण्याबद्दल थोडक्यात. स्नायूंची मालिश बरं वाटण्यासाठी उत्तम. मात्र “आतल्या गाठी फोडल्या”, “आवरण ताणून मोकळं केलं” यावर विश्वास ठेवू नका. मांडीच्या बाहेरच्या कडेचं आणि तळपायाचं जाड आवरण एक टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हाताबाहेरचा जोर लागेल, असं 2008 साली गणितानं मांडून दाखवलं गेलं. अंगावर काळेनिळे डाग उठले म्हणजे उपचार खोल गेला, असंही नाही. डाग म्हणजे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

आता या आरामाची मुदत. ती तोकडी असते. काही तास, काही दिवस. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2016 साली कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत हातानं करायचे उपचार सुचवले, पण व्यायामासह असलेल्या उपचारांचा एक भाग म्हणूनच, एकटे नाहीत. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. हातानं दुखणं थोडं खाली आणलं की त्या वेळात तुम्ही जी हालचाल करता, ती पुढे टिकते. टेबलावरून उठून तसेच घरी जाऊन पडलात तर दुसऱ्या दिवशी जैसे थे.

रॉबिन मॅकेन्झी यांची 1956 सालची हकीकत या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूझीलंडमध्ये त्यांच्याकडे कंबर आणि पाय दुखणारा एक रुग्ण येत होता, आठवड्यांमागून आठवडे, फारसा फरक नव्हता. एके दिवशी त्याला पालथं झोपायला सांगून ते दुसरीकडे गेले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर केलेली राहिली होती, आणि हा तसाच त्यावर पालथा पडून राहिला, कंबर चांगली मागे वाकलेली. त्या काळात हे घातकच मानलं जायचं. मॅकेन्झी परतले तेव्हा पायातली कळ गेलेली होती. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता! त्यातून पुढे स्वतःच करायच्या हालचालींची एक अख्खी पद्धत उभी राहिली.

काही वेळा हात लावूच नये. लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा बसताना टेकतो तो भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत आधी डॉक्टरांची तपासणी. शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजून गरम झाली, तर ती चोळू नका; आत रक्ताची गुठळी असू शकते. हाडं ठिसूळ झालेल्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना झटका नको. आणि मानेचं दुखणं अचानक, आजवर कधी नव्हतं असं असेल, सोबत तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं असेल, तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण झाल्या तर अर्धांगापर्यंत मजल जाते. मी स्वतः मानेला झटका देत नाही. हळू हलवून तेवढंच काम होतं.

पहिल्या उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं सर्रास होतं, व्यायाम केल्यासारखं. त्यापेक्षा जास्त टिकलं, किंवा हातापायात नव्यानं मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली, तर पुढच्या वेळेची वाट न बघता फोन करा. आणि तीन-चार वेळा जाऊनही पट्टीवरचा आकडा हलला नसेल, तर पाचव्या वेळी तेच करून घेऊ नका. दुसरं काय करता येईल ते थेट विचारा.

नमस्कार.